पित्ताशयाचा कर्करोग : जनुकांतील ‘ध’चा ‘मा’

मराठी घरात ‘पित्त’ या शब्दाइतका सोयीचा शब्द दुसरा नसेल. डोके दुखले तर पित्त, मळमळले तर पित्त, अंगावर गांधी उठल्या तर पित्त, आणि कोणी रागावले तर त्याचे पित्त खवळलेले! जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ आली तरी घरातली बाई कोकमाचे सरबत घेते, नाहीतर आवळासुपारी तोंडात टाकते आणि पुन्हा कामाला लागते. बहुतेक वेळा त्याने काही बिघडतही नाही. परंतु ज्या थोड्या वेळा बिघडते, त्या वेळी बिघाडाचे नाव ‘पित्त’ नसून ‘पित्ताशय’ असते, आणि क्वचित प्रसंगी त्या पित्ताशयाचा कर्करोग झालेला असतो. हा कर्करोग बहुधा उशिरा कळतो आणि म्हणूनच तो फार जणांचा बळी घेतो.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत या रोगाच्या मुळाशी असलेल्या जनुकीय बदलांचा अभ्यास वेगाने झाला आहे. त्यातील महत्त्वाचे काम आपल्या अगदी जवळ, खारघरला झाले आहे. वर्तकनगरहून ठाणे स्थानक गाठून पनवेलची गाडी धरली, की तेथून तासाभरात खारघर येते. कला शाखेच्या विद्यार्थ्याला या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की रोग शाखा पाहून येत नाही. आणि दुसरे म्हणजे हा विषय मुळात लिखाणाचा व वाचनाचा आहे. तो कसा, हे पुढे येईलच.

पित्ताशय आणि त्याचा कर्करोग

पित्ताशय म्हणजे यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेली, लहानशा लांबट वांग्याच्या आकाराची पिशवी. यकृतात तयार होणारा पित्तरस येथे साठतो व दाट होतो. पिशवीत एका वेळी साधारण ३० ते ५० मिलिलिटर रस मावतो. आपण तेलकट-तुपकट खाल्ले, की पिशवी आकुंचन पावते आणि हा रस नळीवाटे आतड्यात उतरून स्निग्ध पदार्थ पचविण्यास मदत करतो. पित्तरसातील घटकांचे प्रमाण बिघडले, विशेषतः कोलेस्टेरॉल वाढले, की त्याचे खडे बनतात.

पित्ताशयाचा कर्करोग झालेल्या बहुसंख्य रुग्णांच्या पित्ताशयात खडे सापडतात. परंतु हे वाक्य उलटे वाचू नये. खडे असलेल्या शंभर माणसांपैकी फार तर एखाद्याला हा कर्करोग होतो. खड्यांचे सततचे घर्षण, वर्षानुवर्षे चाललेला दाह आणि त्या दाहाला तोंड देताना पेशींचे पुन्हा पुन्हा होणारे विभाजन, अशी ही साखळी असावी असे मानले जाते. ३ सेंटिमीटरपेक्षा मोठा खडा, पित्ताशयात १ सेंटिमीटरहून मोठी वाढलेली गाठ, विषमज्वराच्या जंतूंचे शरीरात दीर्घकाळ राहिलेले ठाणे, हीदेखील धोका वाढविणारी कारणे होत.

हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. बऱ्याच ठिकाणी हे प्रमाण दुप्पट किंवा त्याहूनही जास्त आहे. त्याचा भूगोलही चमत्कारिक आहे. युरोप-अमेरिकेत तो विरळ, तर दक्षिण अमेरिकेतील चिली व बोलिव्हिया आणि आपल्याकडील गंगेचे खोरे व आसाम येथे पुष्कळ. महाराष्ट्रात व दक्षिणेत त्याचे प्रमाण त्या मानाने कमी आहे. पण म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही. वागळे इस्टेटच्या कारखान्यांत आणि वर्तकनगर, लोकमान्यनगरच्या वस्त्यांत उत्तर प्रदेश, बिहार व बंगालमधून आलेली कितीतरी कुटुंबे आपले शेजारी म्हणून राहतात. शेजारणीच्या पोटदुखीचे कारण काय असू शकते, हे ठाऊक असणे ही शेजारधर्माचीच गोष्ट आहे.

हा रोग इतका घातक का, याचे उत्तर पित्ताशयाच्या रचनेत आहे. आतड्याच्या भिंतीत जितके थर असतात तितके पित्ताशयाच्या भिंतीत नसतात. भिंत पातळ असल्याने कर्करोगाला ती ओलांडावयास वेळ लागत नाही आणि पलीकडे लगेच यकृत असते. सुरुवातीला लक्षणे बहुधा नसतात. असलीच तर ती खड्यांच्या दुखण्यासारखीच असतात. कावीळ, वजन घटणे, पोटात हाताला गाठ लागणे ही लक्षणे दिसू लागेपर्यंत शस्त्रक्रियेची वेळ पुष्कळदा टळून गेलेली असते.

पेशीतील लिखाण

आता मूळ विषयाकडे वळू. आपल्या प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक प्रचंड मोठा ग्रंथ असतो. त्याची लिपी अवघ्या चार अक्षरांची आहे, आणि त्या चार अक्षरांत सुमारे ३०० कोटी अक्षरांचा मजकूर लिहिलेला असतो. या मजकुरातील अर्थपूर्ण उतारे म्हणजे जनुके. प्रथिने बनविण्याच्या सूचना देणारी अशी सुमारे २०,००० जनुके माणसात आहेत. तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द असतो आणि प्रत्येक शब्द प्रथिनाच्या माळेत कोणता मणी ओवावयाचा ते सांगतो.

पेशीचे विभाजन होताना हा सबंध ग्रंथ पुन्हा उतरून काढावा लागतो. एवढ्या मोठ्या नकलेत चुका होणारच. मुद्राराक्षसाची कृपा जशी आपल्या वार्षिकांकावर असते, तशी ती पेशीवरही असते. पेशीत मुद्रिते तपासणारी यंत्रणा असते व ती बहुतेक चुका सुधारते. उरलेल्या चुकांपैकी पुष्कळशा निरुपद्रवी असतात. मात्र एखादी चूक अशी असते की अर्थाचा अनर्थ होतो. यांनाच उत्परिवर्तने म्हणतात.

मराठी माणसाला याचे उदाहरण बाहेरून आणावे लागत नाही. १७७३ साली शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ असा हुकूम होता, त्यातील ‘ध’चा ‘मा’ केला गेला आणि तो ‘मारावे’ असा झाला, अशी आख्यायिका आहे. तिची ऐतिहासिकता काहीही असो. एका अक्षराने केवढा उत्पात होतो हे ती नेमके सांगते. के-रास नावाच्या जनुकाचे पाहा. त्यातील बारावा शब्द निरोगी पेशीत ‘जी-जी-टी’ असा असतो. त्यातील मधल्या ‘जी’च्या जागी ‘टी’ आला, की ग्लायसिन या मण्याऐवजी व्हॅलिन हा मणी ओवला जातो. बाकी सारा ग्रंथ जसाच्या तसा असूनही एवढ्या एका अक्षराने पेशीला ‘वाढा’ असा कायमचा हुकूम मिळतो.

कर्करोगाला बहुधा अशी एकच चूक पुरत नाही. वर्षानुवर्षे चुका साठत जातात. काही चुका पेशीचा वेग वाढवितात, तर काही तिचा लगाम तोडतात. पित्ताशयाच्या कर्करोगात सर्वांत अधिक वेळा बिघडलेले आढळणारे जनुक म्हणजे टीपी-५३. हे पेशीतील पहारेकऱ्याचे काम करते. मजकूर बिघडलेला दिसला तर ते विभाजन थांबविते, किंवा पेशीला मरण पत्करावयास लावते. चिनी शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे ४७ टक्के गाठींमध्ये हा पहारेकरी निकामी झालेला आढळला. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट पुढे आली. सुमारे ३७ टक्के गाठींमध्ये ‘ईआरबीबी’ या जनुककुलाशी निगडित संदेशमार्गात बिघाड होते. नव्या उपचारांची आशा येथूनच सुरू होते.

खारघरच्या प्रयोगशाळेत

परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाची स्थापना २८ फेब्रुवारी १९४१ रोजी झाली. १९५२ साली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत कर्करोग संशोधनाचे केंद्र उभे राहिले. त्याच परंपरेतील प्रगत केंद्र, ‘ॲक्ट्रेक’, आज खारघरला आहे. तेथील डॉ. अमित दत्त यांच्या प्रयोगशाळेने पित्ताशयाच्या कर्करोगाचा जो अभ्यास केला, तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. भारतीय रुग्णांच्या, आणि त्यातही सुरुवातीच्या अवस्थेतील गाठी त्यांनी अभ्यासासाठी घेतल्या. हा रोग पाश्चात्य देशांत विरळ असल्याने तेथे त्याच्याकडे फारसे लक्ष गेलेले नव्हते. म्हणून आपल्या रोगाचा अभ्यास आपणच करावयास हवा होता.

या अभ्यासात ईआरबीबी-२ या जनुकाचे दोन प्रकारचे बिघाड दिसून आले. तपासलेल्या ४४ गाठींपैकी १४ टक्के गाठींत त्याच्या मजकुरात उत्परिवर्तन होते. दुसऱ्या तपासणीत २५ पैकी २४ टक्के गाठींत मजकूर न बदलताही त्याचे प्रथिन बेसुमार बनत होते. पहिला प्रकार म्हणजे पानावरची चुकीची छपाई. दुसऱ्याचा परिणाम एकाच पानाच्या शेकडो प्रती काढून गावभर वाटल्यासारखा. ४४ पैकी ७ टक्के गाठींत के-रासचे उत्परिवर्तनही आढळले.

ईआरबीबी-२ चे काम समजून घेण्यासाठी दारावरची घंटा डोळ्यांसमोर आणावी. या जनुकापासून बनणारे प्रथिन, ज्याला डॉक्टर मंडळी ‘हर-२’ म्हणतात, पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर बसते. आपल्या कुळातील दुसऱ्या प्रथिनाशी त्याची जोडी जमली, की आत ‘वाढा, विभाजन करा’ असा संदेश जातो. निरोगी पेशीत घंटा वाजते आणि थांबते. उत्परिवर्तन झाले तर घंटेचे बटण दाबलेलेच राहते. प्रथिन बेसुमार झाले तर एका दारावर शंभर घंटा लागतात. दोन्ही वेळी घरातील माणसांना विसावा नसतो.

खारघरच्या संशोधकांनी अफाटिनिब हे औषध वापरून पाहिले. हे औषध या कुळातील प्रथिनांना चिकटून त्यांचे काम बंद पाडते. प्रयोगशाळेत वाढविलेल्या पित्ताशय-कर्करोगाच्या पेशींवर त्याचा परिणाम झाला, तसेच उंदरांत वाढविलेल्या गाठीही लहान झाल्या. परंतु सर्व गाठी नव्हे. के-रासच्या तेराव्या शब्दात विशिष्ट बदल असलेल्या गाठी औषधाला दाद देत होत्या. बाराव्या शब्दात वर सांगितलेला बदल असलेल्या गाठी मात्र दाद देत नव्हत्या. कारण उघड आहे. के-रास हा घंटेच्या पुढचा, घराच्या आतला खटका आहे. तोच अडकून बसला असेल तर दारावरची घंटा तोडून काय उपयोग? मात्र तेराव्या शब्दातील बदल आणि बाराव्या शब्दातील बदल यांत एवढे अंतर पडावे, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सरसकट ‘जनुक बिघडले’ एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या शब्दातील कोणते अक्षर बिघडले हे वाचावे लागते.

उंदरांवरील यश म्हणजे माणसांवरील यश नव्हे, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. अशा प्रयोगांचा उपयोग पुढची वाट कोणती हे ठरविण्यासाठी असतो.

हा घराण्याचा रोग आहे काय?

‘जनुक’ हा शब्द ऐकताच आपल्याकडे पहिली भीती वाटते ती घराण्याची. आईला हा रोग झाला म्हणजे मुलीलाही होणार, मग तिच्या लग्नाचे काय, असा विचार घराघरांत सुरू होतो. ही भीती बहुतांशी निराधार आहे. वर वर्णन केलेली उत्परिवर्तने जन्माबरोबर आलेली नसून ती आयुष्यात, पित्ताशयाच्या पेशींतच झालेली असतात. ती आईकडून मुलीकडे जात नाहीत.

जन्मतः मिळणारे काही बारीक फरक धोका थोडा वाढवितात, हे मात्र खरे. टाटा स्मारक केंद्राच्या संशोधकांनी हजाराहून अधिक रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना करून २०१७ मध्ये दाखवून दिले, की सातव्या गुणसूत्रावरील एबीसीबी-१ व एबीसीबी-४ या जनुकांच्या परिसरातील काही सामान्य फरकांचा या रोगाशी संबंध आहे. यांपैकी एबीसीबी-४ हे यकृतातून पित्तरसात स्निग्ध द्रव्य पोहोचविण्याच्या कामी येते. म्हणजे पित्तरसाची घडण आणि कर्करोग यांचा धागा जुळतो. तथापि हे फरक म्हणजे ललाटलेख नव्हेत. असे फरक असलेल्या बहुसंख्य माणसांना हा रोग कधीच होत नाही.

जुने व नवे उपचार

रोग लवकर सापडला तर शस्त्रक्रिया हाच खरा उपाय आहे. कर्करोग पित्ताशयाच्या अगदी आतल्या थरापुरता असेल तर पित्ताशय काढून टाकल्याने रुग्ण बरा होऊ शकतो. तो थोडा खोल गेला असेल तर लगतचा यकृताचा भाग व रसग्रंथीही काढाव्या लागतात.

शस्त्रक्रिया शक्य नसेल तेव्हा रसायनोपचार करतात. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ८१ रुग्णांच्या अभ्यासात जेमसिटाबिन व ऑक्झॅलिप्लॅटिन ही औषधे दिलेल्या गटाचे मध्यम आयुर्मान ९.५ महिने, तर केवळ त्रास कमी करणारे उपचार मिळालेल्या गटाचे ४.५ महिने होते. त्याच वर्षी ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने जेमसिटाबिन व सिस्प्लॅटिन या जोडीचा उपयोग सिद्ध केला. त्यात पित्तमार्गाच्या सर्व कर्करोगांचे रुग्ण होते, ८.१ महिन्यांचे मध्यम आयुर्मान ११.७ महिन्यांवर गेले. २०२२ व २०२३ मध्ये शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारी ड्युरव्हॅलुमॅब व पेम्ब्रोलिझुमॅब ही औषधे या जोडीला देऊन पाहिली गेली. फायदा झाला, पण तो सरासरी एक-दोन महिन्यांचाच.

रसायनोपचार म्हणजे पिकावर सरसकट फवारणी. नवे उपचार नेमके तण ओळखून उपटण्याचा प्रयत्न करतात. हर-२ हे प्रथिन त्यासाठी सोयीचे, कारण ते पेशीच्या बाहेरच असते. ट्रास्टुझुमॅब हे त्यावर जाऊन बसणारे प्रतिपिंड १९९८ पासून स्तनाच्या कर्करोगात वापरले जात आहे. तेच पित्ताशयासाठी का वापरू नये, असा विचार पुढे आला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, हर-२ बिघडलेल्या पित्तमार्ग-कर्करोगाच्या ३९ रुग्णांना ट्रास्टुझुमॅब व पर्टुझुमॅब ही जोडी दिली. त्यांपैकी ९ जणांच्या गाठी लक्षणीय प्रमाणात लहान झाल्या. २०२४ मध्ये टाटा स्मारकच्या डॉ. विकास ओस्तवाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९० भारतीय रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. यातील बहुतेक रुग्ण पित्ताशयाच्या कर्करोगाचेच होते. नेहमीच्या रसायनोपचाराला ट्रास्टुझुमॅबची जोड दिल्यावर निम्म्याहून अधिक रुग्णांच्या गाठी आकसल्या.  तुलनेसाठी दुसरा गट नसल्याने यावरून अंतिम निष्कर्ष काढता येत नाही, परंतु दिशा आशादायक आहे.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकन या औषधाला हर-२ अधिक असलेल्या, इतर उपचार संपलेल्या विविध अवयवांच्या कर्करोगांसाठी अमेरिकेत मान्यता मिळाली. यात प्रतिपिंडाच्या पाठीवर विषारी द्रव्य लादून ते थेट कर्कपेशीत नेऊन सोडले जाते. नोव्हेंबरमध्ये झॅनिडाटामॅब हे औषध तेथे मान्य झाले. ते हर-२ ला एकाच वेळी दोन ठिकाणी पकडते. के-रासवर मात्र दीर्घकाळ कोणतेच औषध नव्हते. २०२१ मध्ये त्याच्या एका विशिष्ट उत्परिवर्तनावर सोटोरासिब हे पहिले औषध फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. म्हणजे आतला खटकाही हाती येऊ लागला आहे.

हे सारे वाचून दोन गोष्टी विसरू नयेत. एक, हर-२ चा बिघाड सर्वच रुग्णांत नसतो; ज्यांच्यात नाही त्यांना या औषधांचा उपयोग नाही. म्हणून गाठीचा तुकडा तपासून मगच औषध ठरवावे लागते. हर-२ ची प्राथमिक तपासणी स्तनाच्या कर्करोगामुळे मोठ्या शहरांत रुळलेली आहे. दुसरी गोष्ट पैशाची. ट्रास्टुझुमॅबच्या भारतीय आवृत्त्या २०१४ पासून निघू लागल्यामुळे त्याची किंमत उतरली. परंतु सर्वांत नवी औषधे गिरणीत, कारखान्यात किंवा घरकामावर राबणाऱ्या कुटुंबाच्या आवाक्याबाहेर आहेत. विज्ञानाने वाट काढली तरी त्या वाटेवरचा टोल कोण भरणार, हा प्रश्न शास्त्रज्ञांचा नाही, समाजाचा आहे. अर्थशास्त्राच्या व राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी त्याचा अभ्यास केला पाहिजे.

आपण काय करावयाचे?

नवी औषधे रुग्णाचे आयुष्य काही महिन्यांनी, कधी त्याहून अधिक वाढवितात. लवकर झालेले निदान मात्र ते वाचवू शकते. म्हणून जेवणानंतर उजव्या बरगडीखाली वारंवार दुखत असेल, कळ पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जात असेल, तर ‘पित्त’ म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवावे व त्यांनी सांगितल्यास सोनोग्राफी करून घ्यावी. ही तपासणी साधी व वेदनारहित आहे. खडे असून त्रास होत असेल तर शस्त्रक्रियेचा सल्ला टाळू नये. त्रास नसेल तर उगाच घाबरूही नये, निर्णय डॉक्टरांवर सोपवावा. कावीळ झाली तर झाडपाल्यात दिवस घालवू नयेत.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. खड्यांसाठी काढलेल्या पित्ताशयात कधी कधी अनपेक्षितपणे कर्करोग सापडतो. तो डोळ्यांना दिसतोच असे नाही; सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. म्हणून काढलेले पित्ताशय विकृतिशास्त्राच्या तपासणीसाठी पाठविले का, हे नातेवाइकांनी विचारावे आणि अहवाल हाती घेऊन डॉक्टरांकडून तो समजून घ्यावा. नुसते खडे डबीत भरून घरी आणल्याने काही साधत नाही. अहवालात काही निघाले तर त्याच अवस्थेत पुढची शस्त्रक्रिया करून माणूस वाचू शकतो.

आपल्या आया, मावश्या, शेजारणी स्वतःच्या दुखण्याला सर्वांत शेवटचा नंबर देतात. घरातल्या सर्वांची जेवणे झाल्यावर जेवायचे, तसेच सर्वांची आजारपणे झाल्यावर आपले. खारघरच्या प्रयोगशाळेत अक्षर अन् अक्षर वाचून जे हाती येते, ते या बाईपर्यंत पोहोचावयाचे तर तिला आधी दवाखान्याची पायरी चढावी लागेल. तिला तेथे घेऊन जाण्याचे काम शिकल्या-सवरल्या मुला-मुलींचे आहे. ‘पित्तच असेल’ असे ती म्हणेल. तेव्हा ‘असेल, पण एकदा दाखवून तर येऊ’ एवढे म्हणून तिच्याबरोबर निघावे.